देलिसियास : पाण्याच्या हिशेबावर वसलेले एक मेक्सिकन शेतीनगर

मेक्सिकोच्या उत्तर सीमेवरील चिवावा या विस्तीर्ण राज्यात, राजधानीच्या आग्नेयेस सुमारे 80 किलोमीटरांवर देलिसियास हे नगर आहे. 2020 च्या शिरगणतीत त्याच्या नगरक्षेत्राची लोकसंख्या सुमारे दीड लाख भरली. मेक्सिकोचा इतिहास म्हटला की आस्तेकांचे साम्राज्य, कोर्तेसची स्वारी, चांदीच्या खाणी व कोरीव चर्चे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. त्यांपैकी येथे काहीही नाही. नगराची स्थापना 1 एप्रिल 1933 रोजी झाली, म्हणजे त्याच्या वयास अद्याप शतकही पुरे झालेले नाही. असे असूनही आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाने या नगराकडे लक्ष द्यावे असे एक कारण आहे. नदीकाठी आपोआप वाढत गेलेले हे गाव नव्हे. आधी धरण, मग कायदा, मग कालवा आणि सर्वांत शेवटी नगर, अशा क्रमाने ते निर्माण झाले. या प्रत्येक पायरीवर पाण्याचा हिशेब नगराबाहेरील कोणीतरी मांडला. येथील शेतकऱ्यांच्या तीन पिढ्या ज्या पाण्यास आपले पाणी म्हणत आल्या, ते कायद्याच्या भाषेत निखालस त्यांचे कधीच नव्हते. ही गोष्ट साठ वर्षे झाकून राहिली कशी आणि उघडी पडली कशी, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम भूमीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. हा प्रदेश चिवावाच्या वाळवंटात मोडतो. वर्षाकाठी पाऊस सरासरी 300 मिलिमीटरांच्या आसपास आणि तोही बहुतेक जुलै ते सप्टेंबर या महिन्यांतच पडतो. पावसावर येथे गवत व काटेरी झुडपे येतात, पीक येत नाही. परंतु पश्चिमेकडील सिएर्रा माद्रे पर्वतात उगम पावणारी कोंचोस नदी व तिला मिळणारी सान पेद्रो या दोन नद्यांनी या मैदानास दोन बाजूंनी कवेत घेतले आहे. कोंचोस पुढे ईशान्येस वळून ओहिनागा येथे सीमेवरील रिओ ब्राव्हो नदीस मिळते. अमेरिकन लोक याच सीमानदीस रिओ ग्रांदे म्हणतात. तिचे वरच्या अंगाचे पाणी अमेरिकेतील शेती पूर्वीच शोषून घेते. एल पासोच्या खाली ती जवळजवळ कोरडी होते आणि ओहिनागाजवळ कोंचोसच्या पाण्याने तिला पुन्हा नदीपण येते. वाचकांनी हा भूगोल लक्षात ठेवावा, कारण पुढील सर्व तंट्यांचे मूळ त्यातच आहे.

नद्यांच्या अगदी काठावर जुनी वस्ती होती. कोंचोस या नावाची एक आदिम जमातच येथे राहत असे. स्पॅनिश धर्मप्रचारकांनी तिला मिशनांभोवती बसविले. रोसालेस, हुलिमेस, मेओकी ही गावे त्या वेळेपासूनची किंवा त्यानंतर लवकरच वाढलेली होत. नदीतून काढलेल्या छोट्या पाटांवर त्यांची शेती चाले. बाहेरच्या इतिहासात रोसालेसचे नाव एकदाच येते. मेक्सिको व अमेरिका यांच्यातील युद्ध संपविणारा तह 2 फेब्रुवारी 1848 रोजी झाल्यानंतर, 16 मार्च रोजी, अमेरिकन सेनापती प्राइस याने या गावावर हल्ला करून ते घेतले. दोन नद्यांमधील उंचवट्याचे मैदान मात्र पाटांच्या पातळीच्या वर असल्याने गुरेचराईचेच राहिले. मेक्सिको शहरापासून सीमेपर्यंतचा लोहमार्ग 1884 मध्ये पुरा झाला, तेव्हा या मैदानात देलिसियास नावाचे एक स्टेशन झाले. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ सुखे किंवा आनंद असा आहे. त्या उजाड माळावरील स्टेशनास हे नाव देणाऱ्याच्या विनोदबुद्धीचे कौतुक करावे लागेल.

या मैदानाचे भवितव्य पालटणारे धरण शेतीसाठी बांधले गेलेच नाही. कोंचोस नदी जेथे डोंगराच्या खिंडीतून बाहेर पडते तेथे, ला बोकीया या ठिकाणी, 1910 मध्ये एका खाजगी कंपनीने विदेशी भांडवलाच्या बळावर बांधकाम सुरू केले. पारराल व सांता बार्बारा येथील खाणींना वीज पुरविणे हा तिचा मुख्य उद्देश होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मेक्सिकन क्रांतीस आरंभ झाला आणि चिवावा हे तिचे एक प्रमुख रणक्षेत्र ठरले. आगगाड्या जळत होत्या, पूल उडत होते, विया याच्या फौजा याच लोहमार्गावरून ये-जा करीत होत्या. तरीही काम थांबत थांबत चालू राहिले आणि 1916 मध्ये धरण पुरे झाले. त्याच वर्षी वियाचा पाठलाग करीत जनरल पर्शिंगचे अमेरिकन सैन्य चिवावात शिरले होते. सुमारे 290 कोटी घनमीटर पाणी मावेल एवढा हा जलाशय त्या काळी जगातील मोठ्या कृत्रिम जलाशयांत गणला जाई. एवढ्या पाण्याचे काम टर्बाईन फिरविण्याचे होते. टर्बाईनमधून निघालेले पाणी पुन्हा नदीत वाहून जाई.

वाहून जाणाऱ्या या पाण्याकडे क्रांतीनंतरच्या शासनाचे लक्ष गेले. 1917 च्या संविधानातील 27 व्या कलमाने भूमी व पाणी यांचे मूळ स्वामित्व राष्ट्राकडे असल्याचे घोषित केले होते. चिवावात या कलमास विशेष अर्थ होता. क्रांतीपूर्वी तेथे तेर्रासास या एका घराण्याच्या ताब्यात वीस लाख हेक्टरांहून अधिक जमीन होती. परंतु मोठी जमीनदारी मोडल्यावर तिच्या जागी काय आणावयाचे, याविषयी क्रांतिकारकांत एकमत नव्हते. 1924 ते 1928 या काळात राष्ट्राध्यक्ष असलेल्या कायेस यांची दृष्टी मध्यम शेतकऱ्याकडे होती. स्वतःच्या भांडवलावर व उत्तम अवजारांनी बाजारासाठी पिकविणारा, शासनाशी एकनिष्ठ असा ग्रामीण मध्यमवर्ग त्यांना हवा होता. त्याचे चित्र त्यांनी बहुधा सीमेपलीकडील अमेरिकन शेतकऱ्यावरून घेतले असावे. 4 जानेवारी 1926 च्या पाटबंधारे कायद्याने राष्ट्रीय सिंचन आयोग स्थापन झाला आणि त्याने देशभर ज्या योजना हाती घेतल्या त्यांत कोंचोसची योजना पाचव्या क्रमांकाची होती. आजही हा सिंचनविभाग सरकारदरबारी ‘005’ याच अंकाने ओळखला जातो.

सरकारने येथे नवे धरण बांधले नाही, जुन्याच धरणातील पाणी टर्बाईनमधून बाहेर आल्यावर बंधाऱ्याने अडवून ते मुख्य कालव्यात वळविले. त्यामुळे खर्च बराच वाचला. परंतु एक अडचण जन्मासच आली. खाणींना वीज बारमाही लागते, पिकास पाणी ठराविक पाळ्यांनीच लागते. कंपनीच्या सोयीने सोडलेले पाणी आणि शेतकऱ्याच्या गरजेचे पाणी यांचा मेळ घालणे हे या व्यवस्थेचे पहिले कोडे होते. या योजनेचा साक्षेपी इतिहास लुईस आबोइतेस या मेक्सिकन इतिहासकाराने 1980 च्या दशकात लिहिला आहे. क्रांतीने निर्माण केलेले शासन पाण्याच्या द्वारा स्वतःस कसे उभे करीत गेले, हे त्यात उत्तम रीतीने दाखविले आहे.

वसाहतीस आलेल्या शेतकऱ्यांना ‘कोलोनो’ म्हणत. त्यांत चिवावातलेच काही, शेजारच्या दुरांगो व लागुना प्रदेशांतील काही आणि 1929 च्या मंदीमुळे अमेरिकेतून परतलेले काही होते. जमिनीची किंमत त्यांनी दीर्घ मुदतीच्या हप्त्यांनी फेडावयाची होती. मंदीच्या त्या वर्षांत धान्यास व कापसास भाव नव्हता, मैदान झुडपे तोडून सपाट करावयाचे होते, आणि कायेस यांच्या कल्पनेतील भांडवलवान शेतकरी काही मिळेना. जे आले ते बहुतेक हातावर पोट असणारेच होते. पुढे 1934 मध्ये कार्देनास राष्ट्राध्यक्ष झाल्यावर धोरण फिरले आणि सामुदायिक धारणेची ‘एहिदो’ पद्धती देशभर वेगाने पसरली. देलिसियासच्या कालव्यावर त्यामुळे दोन प्रकारचे शेतकरी शेजारी शेजारी नांदू लागले. एकाच्या नावे जमीन होती आणि दुसऱ्यास गावसमूहाच्या जमिनीत कसण्याचा हक्क होता. दोघांच्या राजकीय संघटना वेगळ्या, पतपेढ्या वेगळ्या. पाणी मात्र दोघांनाही एकाच दारातून मिळे.

ही योजना टिकली याचे श्रेय धोरणापेक्षा नदीस अधिक द्यावे लागते, असे माझे मत आहे. आयोगाने त्याच सुमारास कोआविला राज्यात दोन मार्तिन नावाचे धरण बांधून त्याखाली, नुएव्हो लेओन राज्यात, आनाउआक हे नगर आखले होते. आखणी, कायदा, माणसे, पीक, सर्व तेच होते. परंतु तेथील नदीचे अनुमान चुकले. अवर्षणात जलाशय आटला व कोलोनो पांगले. होसे रेव्हुएल्तास या कादंबरीकाराने 1943 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका कादंबरीस याच अपयशाची पार्श्वभूमी दिली. ला बोकीयाचा जलाशय मात्र इतका मोठा होता की एक-दोन कोरड्या वर्षांची तूट त्यात बुडून जाई.

नगराची आखणी अभियंता कार्लोस ब्लेक यांच्या नावाशी निगडित आहे. रुंद व सरळ रस्ते, मध्यभागी चौक, रस्त्यांना बहुधा क्रमांक आणि मोठ्या मार्गांना कोंचोस, सान पेद्रो अशी नद्यांची नावे. आधी गावे होती ती नदीवर, हे मात्र लोहमार्ग व कालवा यांच्या सोयीने ठेवले गेले. जानेवारी 1935 मध्ये देलिसियासचे स्वतंत्र नगरक्षेत्र झाले. रहिवासी स्वतःस ‘वाळवंटाचे विजेते’ म्हणवून घेऊ लागले आणि ते बिरूद आजही अभिमानाने मिरविले जाते. वाळवंट जिंकले याबद्दल वाद नाही, परंतु शस्त्र उसने होते.

या नगरास खरे धन दिले ते कापसाने. येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. आखूड धाग्याच्या देशी जाती मागे पडून आज विदर्भ-मराठवाड्यातही ज्या जातीचा कापूस सर्वत्र पेरला जातो, तिचे मूळ घर मेक्सिकोच होय. दुसऱ्या महायुद्धानंतर भाव चढले, 1950 ते 1953 च्या कोरियन युद्धात ते शिखरास पोहोचले, आणि 1954 मध्ये पेसोचे अवमूल्यन झाल्याने डॉलरमध्ये विकणाऱ्यास आणखी लाभ झाला. त्या दशकात कापूस ही मेक्सिकोची अग्रगण्य निर्यात होती. मेहिकाली, मातामोरोस, लागुना या प्रदेशांच्या पंक्तीस देलिसियास बसले. 1949 मध्ये सान पेद्रो नदीवर लास बिर्हेनेस येथे दुसरे धरण पुरे झाल्याने भिजवणीचे क्षेत्रही वाढले.

तथापि ही समृद्धी कशी चाले ते पाहिले पाहिजे. उत्तर मेक्सिकोच्या कापूसप्रदेशांत सरकारी पतपेढ्यांचे कर्ज अपुरे व विलंबाने मिळे. ती उणीव सरकी काढण्याचे कारखाने चालविणाऱ्या अमेरिकन कंपन्यांनी भरून काढली. ह्यूस्टनची अँडर्सन क्लेटन ही त्यांतील सर्वांत मोठी. बियाणे, कीटकनाशक व रोख पैसा हंगामापूर्वी द्यावयाचा आणि त्या बदल्यात पीक आपल्याच कारखान्यात आणण्याचा करार करून घ्यावयाचा, अशी ही रीत होती. शेतकऱ्यास दलालाच्या दारी जावे लागत नसे, पण गाठी दुसऱ्यास विकण्याची मोकळीकही उरत नसे. वेचणीस तेथे ‘पिस्का’ म्हणतात. हा शब्द स्पॅनिश नव्हे, तो आस्तेकांच्या नावात्ल भाषेतून आलेला आहे. पिस्काच्या दिवसांत दक्षिणेकडून व डोंगरांतून मजुरांच्या झुंडी येत. सिएर्रा माद्रेतील रारामुरी लोक आजही पिकांच्या काढणीसाठी या खोऱ्यात उतरतात. मैदानाच्या वैभवाचा वृत्तांत लिहिताना वजनावर मजुरी घेणाऱ्या या माणसांचा उल्लेख बहुधा राहून जातो.

1956 पासून अमेरिकेने आपला शिलकी कापूस अनुदान देऊन परदेशी विकण्यास आरंभ केला. त्यात कृत्रिम धाग्यांची स्पर्धा व औषधांस न जुमानणारे किडे यांची भर पडली. शिवाय पन्नाशीच्या दशकात उत्तर मेक्सिकोवर दीर्घ अवर्षण येऊन गेले होते. कापसाचे राज्य हळूहळू ओसरले. त्याच्या जागी गहू, भुईमूग, कांदा, मिरची व लसूणघास ही पिके आली. लसूणघासाबरोबर दुभती जनावरे व दुधाचे कारखाने आले. हालापेन्यो जातीच्या मिरचीत चिवावा राज्य देशात अग्रभागी गेले. ती पिकून लाल झाल्यावर धुराने वाळविली की तिला ‘चिपोत्ले’ म्हणतात. यापुढील सर्वांत अर्थपूर्ण बदल म्हणजे पेकनच्या बागा. अक्रोडाच्या कुळातील या झाडाची फळे अमेरिकेत उत्तम भावाने खपतात आणि देलिसियास, साउसियो, कामार्गो या टापूत त्याचे क्षेत्र सतत वाढत गेले आहे. कापसाचा शेतकरी कोरड्या वर्षी जमीन पडीत टाकू शके, झाडाचा मालक तसे करू शकत नाही. त्याच्या बागेस दरवर्षी पाणी मिळालेच पाहिजे, मग ते कालव्याचे असो वा विहिरीचे.

आता ज्या कागदाने या नगराच्या पाण्यावर दुसऱ्याचे नाव लिहिले त्याकडे वळू. 3 फेब्रुवारी 1944 रोजी वॉशिंग्टन येथे मेक्सिको व अमेरिका यांच्यात जलवाटपाचा तह झाला. कोलोराडो नदीतून अमेरिकेने मेक्सिकोस दरवर्षी सुमारे 185 कोटी घनमीटर पाणी द्यावयाचे. उलट, रिओ ब्राव्होस मिळणाऱ्या सहा मेक्सिकन उपनद्यांचे जे पाणी मुख्य पात्रात पोहोचेल त्याचा एकतृतीयांश भाग अमेरिकेचा, आणि तो पाच वर्षांच्या चक्रात सरासरीने दरवर्षी सुमारे 43 कोटी 17 लाख घनमीटरांहून कमी असता कामा नये. मेक्सिकोस मिळणारे पाणी देण्याच्या पाण्याच्या चौपटीहून अधिक असल्याने राष्ट्र म्हणून हा सौदा लाभाचाच होता, आणि मेक्सिकन मुत्सद्द्यांनी तो मिळविला याबद्दल त्यांची प्रशंसाही झाली. परंतु घेणारी भूमी व देणारी भूमी एक नव्हती. कोलोराडोचे पाणी पॅसिफिककडील मेहिकालीच्या शेतांना मिळाले. देणे मात्र मुख्यतः कोंचोसच्या माथी आले, कारण सहा उपनद्यांत तीच सर्वांत भरीव होय. देलिसियासचे नगर तेव्हा अकराव्या वर्षात होते.

तहात दोन पळवाटा होत्या. ‘असाधारण अवर्षण’ आल्यास तूट पुढील चक्रात भरून देता येते. पण असाधारण कशास म्हणावे याची व्याख्या तहात नाही. दुसरी अशी की सीमेवरील दोन आंतरराष्ट्रीय जलाशय अमेरिकेच्या वाट्यापुरते काठोकाठ भरले, तर चालू चक्र तेथेच संपते व मागील देणे पुसले जाते. हे जलाशय म्हणजे 1953 चे फाल्कोन आणि 1969 चे आमिस्ताद. ओल्या वर्षांत हे वरचेवर घडे. अर्धशतकभर देलिसियासच्या शेतकऱ्यास या तहाची झळ अशी लागलीच नाही. पुराचे पाणी खाली जाई आणि देणे आपोआप फिटे. करार जिवंत होता, पण निद्रिस्त होता.

तो जागा झाला 1990 च्या दशकात. 1992 ते 1997 या चक्रात दीर्घ अवर्षणामुळे मेक्सिकोवर सुमारे 126 कोटी घनमीटरांचे देणे साचले. टेक्ससच्या शेतकऱ्यांनी ओरड केली. योगायोग असा की याच वेळी, 1992 च्या नव्या जलकायद्यानंतर, कालव्यांचा कारभार सरकारने पाणी वापरणाऱ्यांच्या संघांकडे सोपविला होता. पाटकऱ्यांचा पगार, कालव्याची दुरुस्ती, पाणीपट्टीची वसुली हे सारे शेतकऱ्यांच्या हाती आले, आणि पाणीच आटले. विहिरी खोल गेल्या. 2002 व 2003 मधील समझोत्यांनी सीमाप्रदेशाच्या विकास अधिकोषातून देलिसियासच्या कालव्यांच्या सुधारणेसाठी 4 कोटी डॉलर मिळाले. वाचलेले पाणी सीमेकडे सोडावे अशी त्यामागची अपेक्षा होती. शेवटी पाऊस झाला आणि 2005 मध्ये ते देणे फिटले. या घटनेचे दोन अर्थ लावले गेले. सरकारच्या मते देणे शिस्तीने फेडता येते हे सिद्ध झाले, आणि शेतकऱ्यांच्या मते पाऊसच ते फेडतो हे सिद्ध झाले. दुसरे मत इतिहासास अधिक धरून आहे, असे मला वाटते. मात्र त्यावर भविष्याचा कारभार चालविता येणार नाही, हेही खरे.

2020 मध्ये या दोन अर्थांची टक्कर झाली. पाच वर्षांचे चक्र 24 ऑक्टोबर 2020 रोजी संपणार होते आणि देणे बाकी होते. संघराज्य सरकारने ला बोकीयाचे दरवाजे उघडण्याचे ठरविले व धरणावर राष्ट्रीय गार्ड बसविले. 8 सप्टेंबर रोजी शेतकऱ्यांनी जमावाने चाल करून धरणाचा ताबा घेतला. त्याच रात्री देलिसियासमध्ये गार्डच्या जवानांनी एका मोटारीवर केलेल्या गोळीबारात एक शेतकरी स्त्री मरण पावली व तिचा पती जखमी झाला. राष्ट्राचे म्हणणे असे की 27 व्या कलमाप्रमाणे पाणी राष्ट्राचे आहे आणि राष्ट्राचा शब्द पाळला गेलाच पाहिजे. शेतकऱ्याचे म्हणणे असे की राष्ट्रानेच आम्हांस येथे बोलाविले, जमीन विकली, पाण्याची पाळी लावून दिली. कायदेशीर बाजू सरकारची बळकट होती. पण ज्या शासनाने कालव्याच्या आश्वासनावर वसाहत वसविली, त्यास आपल्याच वसाहतीपुढे बंदूक रोखावी लागली, ही गोष्ट केवळ कायद्याच्या पुस्तकाने निकालात निघत नाही. आणि येथे तमिळ-कन्नड वा अन्य कोणत्याही जलतंट्याची आठवण होऊ न देता हे पाहावे की येथील तंटा दोन राज्यांचा नव्हता. एकाच राष्ट्राने दोन वेगळ्या काळी दोन वेगळ्या लोकांना दिलेल्या दोन वचनांचा तो तंटा होता.

21 ऑक्टोबर 2020 रोजी, मुदतीस तीन दिवस उरले असता, उभय देशांत समझोता झाला. आमिस्ताद व फाल्कोन या जलाशयांत मेक्सिकोच्या मालकीचे जे पाणी साठलेले होते ते अमेरिकेच्या खाती वर्ग करून देणे चुकते करण्यात आले. म्हणजे शेवटची फेड ला बोकीयाच्या पाण्याने झाली नाही. ती झाली खालच्या अंगास तामाउलिपासची शेते व सीमेवरील शहरे ज्यावर अवलंबून असतात त्या साठ्याने. देलिसियासचे शेतकरी जिंकले असे म्हणावयाचे, तर त्यांचे देणे शेजाऱ्याने भरले असेही म्हणावे लागेल.

त्यानंतरचे चक्र ऑक्टोबर 2025 मध्ये संपले तेव्हाही तूट मोठी होती, आणि या वेळी अमेरिकेने आयातकर वाढविण्याची धमकी देऊन मागणी केली. डिसेंबर 2025 मध्ये पुन्हा एक समझोता झाला. दरम्यान नगराचे अर्थजीवन एका बाजूने शेतीपासून सुटू लागले आहे. निर्यातीसाठी जोडकाम करणारे कारखाने आले, आणि शेजारच्या मेओकी येथे 2018 मध्ये बिअरचा एक प्रचंड कारखाना सुरू झाला. तोही पाण्यावरच चालतो. पेकनची झाडे मात्र 1990 च्या दशकात होती त्याहून पुष्कळ अधिक आहेत. लावल्यापासून भरपूर फळ देईपर्यंत त्यास दहाएक वर्षे लागतात, म्हणजे तहाची दोन चक्रे.